पान एकशे एकतीसवरचा खडक

पिंचर्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
९ जून

ऊना,

पुडकं मिळालं. पोस्टातल्या बाईने हातात देण्याआधी ते दोनदा उलटंपालटं करून पाहिलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "विनिपेगहून? बहिणीचं? बोलायला लागलात वाटतं!" मी म्हटलं, "कागद आलेत, बोलणं नाही आलं."

सहा वर्षांनी भावाची आठवण झाली आणि पाठवलंस काय, तर दोनशे चौदा पानं. वर चिठ्ठी: 'सेल्बी, ऑक्टोबरात माझं पुस्तक येतंय. ऑगस्टच्या एकतीस तारखेला छापायला जाईल. बाबांच्या खडकाचं प्रकरण तू हो म्हटल्याशिवाय मी छापणार नाही. नाही म्हणालास तर काढून टाकीन, पण मग बाबा पुस्तकात कुठेच उरत नाहीत.' कसा आहेस, गुडघा काय म्हणतो, असलं काही नाही. शाळेत तीस वर्षं पोरांचे पेपर तपासलेस, त्यांना लिहितेस तसंच भावाला लिहिलंस.

तरी वाचलं. रविवारी चर्चला दांडी मारून वाचलं. यंत्रं नव्हती तेव्हा आपली माणसं भर समुद्रात जागा कशी हुडकायची, ते तू शहरातल्या लोकांना नीट समजावलंयस. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकीवर एक आणायच्या, ती झाली एक रेघ. दुसऱ्या बाजूच्या दोन वस्तू, ती दुसरी. रेघा एकमेकींना छेदतील तिथे गळ टाकायचा. आजोबांचं धुक्यातलं प्रकरण वाचताना माझा चहा गार झाला. एवढं सांगतो, शेफारून जाऊ नकोस.

पण पान एकशे एकतीस! बाई, डोकं फिरलंय का तुझं? आपल्या पार्डींच्या खडकाच्या दोन्ही खुणा तू चक्क लिहून टाकल्यास. चर्चचा मनोरा काळा दात म्हणतात त्या सुळक्याच्या डोक्यावर आणायचा, आणि बकरी बेटाच्या टोकामागून पांढरा कडा डोकावला की थांबायचं. स्वयंपाकघराएवढा तो पाण्याखालचा खडक, पण सगळ्यात मोठे मासे तिथेच. दुसरी होडी नुसती दिसली तरी बाबा तोंड फिरवून भलतीकडे जायचे. या बंदरात माणूस अंगातला कोट काढून देईल, पण खुणा देणार नाही. तीस वर्षं लोक मला विचारतायत, "सेल्बी, तुझ्या बाबांचा खडक दाखव की एकदा." मी सगळ्यांना एकच सांगतो: बाबांना शब्द दिलाय.

तर माझं उत्तर नाही असं आहे.

आणि पान एकशे अठ्ठावीसवरचं ते बुटांचं तर काढूनच टाक. सगळ्यांसमोर एकदा सांगितलंस तेवढं पुष्कळ झालं.

सेल्बी

२ जुलै

ऊना,

तुझं पत्र आलं. म्हणतेस, रागावू नकोस, आणि खुणा बरोबर आहेत का तेवढं बघ, 'तू दर उन्हाळ्यात जातोसच ना तिथे.' जातो तर. तुला काय सांगायचं ते सावकाश सांगीन.

मधल्या काळात मी अभ्यास केला. हसू नकोस. शाळेतल्या वाचनालयात मर्टल आठवड्यातून दोन दिवस बसते. तिला म्हटलं, "आपल्या घरच्यांना पुस्तकात घालणारे लोक असतात, ते दे." ती म्हणाली, "सेल्बी, ते सगळेच घालतात." तिने दारापाशी एक फळी केलीय: या वर्षीची कॅनडातल्या लेखकांची पुस्तकं, कथा-कादंबऱ्या सोडून. अख्खी फळीच मी घरी आणली.

काय एकेक लोक असतात! सस्कॅचेवानचा एक जण नुसत्या गारांवर तीनशे पानं लिहितो, आणि शंभराव्या पानावर बापाचं पीक झोपतं तेव्हा मी उठून माझे बटाटे बघून आलो. पश्चिमेकडची एक बाई शेवाळावर लिहिते. शेवाळावर! क्वेबेकच्या एका सुईणीने चाळीस वर्षांची बाळंतपणं लिहिलीत, ते मी घाईघाईने मिटलं. आणि लॅब्राडोरची एक इन्युइट बाई सीलच्या कातड्याचे बूट कसे शिवतात ते लिहिते. ही खरी शहाणी. तिच्या मावशीचा म्हणून एक टाका होता, पाण्याचा थेंब आत येऊ न देणारा. मावशी म्हणाली, छापू नकोस. तर हिने छापला नाही. एवढं वाचलं आणि पुस्तक तिथेच बंद केलं, म्हटलं हे ऊनाला कळवलं पाहिजे. घरातली गोष्ट घरात ठेवणारे लेखकही असतात म्हणायचे.

तू विचारलंयस, आईच्या मातीनंतर मी हॉलमधून उठून का गेलो. तू भांडी न घासता विमानतळावर पळालीस म्हणून मी बोलत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलंय, आणि तू पळालीस हे खरंच आहे. पण मी त्याआधीच उठलो होतो. चाळीस माणसं सँडविच खातायत, आणि तू कप हातात घेऊन सांगतेस, "आमचा सेल्बी पहिल्यांदा होडीत बसला तेव्हा बाबांच्या बुटात ओकला!" सगळा हॉल हसला. पाद्रीबुवासुद्धा. तू प्रेमाने सांगितलंस, म्हणतेस. असेल. पण साठीच्या घरातल्या माणसाला बुटात ओकलेला पोरगा करून ठेवलंस त्या दिवशी.

उत्तर अजून नाहीच आहे.

सेल्बी

२१ जुलै

ऊना,

तुझ्या खुणा साफ चुकीच्या आहेत.

सरकारने घरच्यापुरती मासेमारी उघडल्यापासून चार शनिवार-रविवार तू लिहिलंयस तसंच करून पाहिलं. मनोरा दातावर आणला, पांढरा कडा डोकावला, गळ सोडला. खाली नुसता चिखल. एक बापुडवाणा खेकडा सोडला तर काही नाही. अर्थात खडक खरा कुठे आहे ते मला ठाऊकच आहे, पण तू म्हणतेस तिथे तो नाही.

पन्नास वर्षांपूर्वीचं पोरीचं ऐकलेलं, चुकायचंच. छापलंस तर आपल्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही हसेल. प्रकरण काढलेलंच बरं. मी म्हणतो म्हणून नाही, तुझ्याच भल्यासाठी.

गुडघा बरा आहे.

सेल्बी

१२ ऑगस्ट

ऊना,

तुझं पत्र शुक्रवारी आलं आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. पण तू लिहिलंस, 'बरं, काढून टाकते. बाबांची तेवढी एक गोष्ट माझ्याकडे पक्की आहे असं मी आयुष्यभर समजत होते. तीही चुकीची निघाली, तर बाकीचं मला काय आठवणार?' आणि खाली विचारलंस, 'निदान दोन्हीपैकी कुठली खूण चुकली तेवढं तरी सांग, पहिली की दुसरी?'

मला सांगता येत नाही, ऊना. मला खडक माहीत नाही.

लिहून टाकलं. आता पुढचं ऐक.

मला तो कधीच माहीत नव्हता. त्या पहिल्या दिवशी मी अकरा वर्षांचा होतो. बंदराच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर मी होडीच्या तळाला आडवा झालो होतो. बाबा वर उभे राहून किनारा दाखवत होते, "ते बघ सेल्बी, तिकडे बघ," आणि मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. तीन दिवस नेलं त्यांनी मला, तिन्ही दिवस तेच. चौथ्या दिवशी म्हणाले, "राहू दे रे, सगळ्यांना जमत नाही." आणि माझ्या जागी तू बसलीस. आठ वर्षांची, माझाच रेनकोट घालून, बाह्या दुमडून. मी धक्क्यावर उभा होतो. तू मागे वळून हात केलास आणि मी केला नाही. बाबांनी खुणा तुला दिल्या. मला दिल्या नाहीत, आणि मीही कधी मागितल्या नाहीत. ते वारले तेव्हा लोक आपोआप मला विचारायला लागले, मुलगा म्हणून. पहिल्यांदा तोंडातून 'शब्द दिलाय' कसं निघालं मलाच कळलं नाही. नंतर ते मागे घेता येईना.

तुझ्यावर मी रागावलो ते तू गुपित फोडलंस म्हणून नाही. ते तुझ्याकडे होतं म्हणून.

शनिवारी मी ती लॅब्राडोरची बाई पुन्हा काढली. म्हटलं, निदान ती तरी माझ्या बाजूची आहे. तेव्हा कळलं की मी ते प्रकरण अर्ध्यात सोडलं होतं. पुढच्याच पानावर मावशी जाते. आणि बाई लिहिते की आता तो टाका कुणालाच येत नाही. तिच्याकडे मावशीचे बूट आहेत, ते उसवून पाहावेत तर वाया जातील, आणि न उसवावेत तर कळणार नाही. मी पुस्तक मिटलं.

मग उठलो आणि ड्रुसिला मावशीकडे गेलो. म्हातारी एक्क्याण्णव वर्षांची झालीय, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. तिच्या नवऱ्याने बाबांबरोबर वीस वर्षं मासेमारी केली. मी तुझं पान तिला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, "मावशी, ऊनाचं काय चुकलं?"

ती म्हणाली, "काही नाही. ऊनाचं कधी चुकायचं? तू कुठलं चर्च धरून गेलास?"

"कुठलं म्हणजे? चर्च. आपलं. रस्त्यावरचं."

"अरे माझ्या देवा," ती म्हणाली. "ती घंटा लावलेली शेड! तुझ्या बापाने तिला एक दिवस तरी चर्च म्हटलं होतं का? टोकावरचं चर्च, गाढवा. जुनं!"

ऊना, मी तिथेच खुर्चीत बसलो आणि कपाळावर हात मारला. जुनं चर्च पाडलं तेव्हा तू कॉलेजला गेली होतीस. छपरावर चढून खिळे उपटायला कोण होतं, माहितेय? मी. मनोऱ्याला दोर बांधून ओढला तोही मीच. बाबा खाली कुंपणापाशी उभे होते. आणि त्यानंतर अकरा वर्षं ते त्या नसलेल्या मनोऱ्यावर नेम धरून खडकावर जात राहिले. मावशी म्हणते, तिचा नवरा विचारायचा, "अरे, दिसतंय का काही?" तर बाबा म्हणायचे, "मला दिसतंय ना."

तेव्हा प्रकरण काढू नकोस. हात जोडून सांगतो. तुझं सगळं बरोबर होतं, चुकीच्या चर्चला मी गेलो. मनोऱ्याच्या पायाचे दगड अजून तिथेच आहेत, बाबांच्या आणि आईच्या कबरींच्या अलीकडे. तिथलं गवत पंधरा वर्षं मीच कापतोय. नेमकी जागा माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? मला एक आठवडा दे.

फोन का करत नाही, असं म्हणशील. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

सेल्बी

१८ ऑगस्ट, रविवार

ऊने,

अंगठ्याला चिंधी बांधलीय, अक्षराकडे बघू नकोस.

मनोऱ्याच्या जागी खांब उभारायचा तर दुसरा माणूस हवा, आणि दुसरा माणूस म्हणजे क्लूनी. शेजारी राहतो, चाळीस वर्षं माझ्याबरोबर बर्फ काढायच्या गाडीवर होता, त्याला फसवणं शक्य नाही. त्याच्या मागच्या अंगणातलं स्प्रूसचं एक उंच सरळ झाड आम्ही पाडलं. तो फांद्या तोडत होता आणि मी शब्द जुळवत होतो. शेवटी म्हटलं, "क्लूनी, एक सांगायचंय. बाबांचा खडक मला माहीत नाही. कधीच नव्हता."

त्याने कुऱ्हाडसुद्धा थांबवली नाही. म्हणाला, "मग?"

"मग काय? तीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगतोय!"

"सेल्बी, तू दर रविवारी आमच्यासारखेच काटकुळे मासे आणतोस. तो खडक माहीत असलेला माणूस असले मासे आणतो का? अख्ख्या बंदराला ठाऊक आहे."

"मग कुणी बोलला का नाहीत?"

"बर्फाची गाडी तुझ्याकडे होती ना, आमच्या दारातला बर्फ कुणी काढला असता?" क्लूनी म्हणाला. मग तोडलेली फांदी बाजूला टाकून म्हणाला, "आणि तुला ते हवंसं दिसत होतं."

मी रागावणार होतो. पण हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि क्लूनीने शहाण्यासारखं दुसरीकडे पाहिलं. मी तीस वर्षं ज्यांच्यापासून लपवत होतो, ते सगळे हे गुपित माझ्यासाठीच सांभाळून ठेवत होते.

खांबाला गाडीचा उरलेला नारिंगी रंग दिला आणि काल दुपारी पायाच्या दगडांमध्ये उभा केला. चांगला सरळ आहे. आज सकाळी वारा पडलेला होता. मी दोन आल्याची बिस्किटं खाल्ली, तुझं पान एकशे एकतीस पावाच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं आणि आम्ही निघालो. क्लूनी इंजिनापाशी, मी पुढे. या वेळी मी आडवा झालो नाही. उभा राहिलो आणि किनाऱ्याकडे बघत राहिलो. नारिंगी रेघ दाताच्या डोक्यावर आली. "तसंच ठेव," मी ओरडलो. बकरी बेटाचं टोक सरकत गेलं, सरकत गेलं, आणि त्याच्या मागून पांढरा कडा डोकावला.

गळ सोडला. शिसं खाली ठक्कन वाजलं. चिखल नाही, ऊना. दगड! दोन हात वर ओढला असेन नसेन तोच असा हिसका बसला की माझा अंगठा सोलवटला. पहिला मासा वर आला तेव्हा क्लूनीने टोपी काढली. माझ्या हाताएवढा लांब, पोट पांढरंशुभ्र, बाबांच्या वेळेला यायचे तसा. त्याला होडीत घेतला आणि मी कडेवरून वाकून सकाळची दोन्ही बिस्किटं समुद्राला दिली. क्लूनी म्हणाला, "आता खात्री पटली, पार्डींचाच खडक." नियमाप्रमाणे माणशी पाच, असे दहा मासे मोजून घेतले आणि थांबलो. परत फिरताना मी त्या खांबाकडे बघत होतो. तिथून बघितलं की तो नेमका बाबांच्या कबरीच्या डोक्याशी उभा दिसतो.

दोन मासे ड्रुसिला मावशीला दिले. तिने डुकराच्या खारवलेल्या चरबीत तळून एक तिथेच खाल्ला आणि म्हणाली, "हाच तो. पुस्तकात माझं नाव घालायला सांग तिला. आणि वय एकोणनव्वद लिही म्हणावं."

आता कामाचं. माझं उत्तर हो आहे. खुणा छाप, दोन्ही. खाली एक ओळ घाल: चर्च आता नाही, तिथे नारिंगी खांब आहे, तो सेल्बी पार्डीने लावला आणि दर वर्षी रंगवणार आहे. ज्याला यायचं त्याने यावं, माणशी पाच न्यावेत. टपाल वेळेत पोचायचं नाही म्हणून मर्टलला सांगितलंय, उद्या या पत्राचे फोटो काढून ती तुला पाठवील. म्हणजे उद्या दुपारपर्यंत हे सगळ्या बंदराने वाचलेलं असेल. वाचू दे.

सप्टेंबरच्या शेवटी मासेमारी पुन्हा आठवडाभर उघडते. तेव्हा ये. तुझी खोली झाडून ठेवतो. सकाळी कणकेचे तळलेले गोळे आणि काकवी, जेवायला मासा. खडकावर आपण दोघं जाऊ. तू पुढे उभी राहा, मी इंजिनापाशी बसतो. भांडी तू घासायचीस, सहा वर्षांपूर्वीची धरून.

आणि पान एकशे अठ्ठावीस. ते बुटांचं राहू दे. पण तू लिहिलंयस, 'बाबांच्या एका बुटात'. खोटं आहे ते. मी तिथे होतो, तू नव्हतीस. दोन्ही बुटांत, ऊने. खऱ्या गोष्टींचं पुस्तक आहे ना, मग नीट लिही.

तुझा भाऊ,
सेल्बी